गोलकीपरच्या उजवीकडे

शिमिझु बंदराच्या मागच्या गल्लीत, टूना मासा डबाबंद करणाऱ्या जुन्या कारखान्याची भिंत जिथे संपते, तिथे कातासे सुझुएचं केस कापायचं दुकान आहे. दुकान वडिलांनी मांडलेलं. सुझुए आता छप्पन्न वर्षांची. अंगाने काटक, उंच, आणि हात इतका हलका, की वस्तरा गळ्यावरून फिरतोय हे गिऱ्हाइकाला नुसत्या गारव्यावरून कळावं. बोलणं मात्र मोजून मापून. नवरा बंदरावर क्रेन चालवायचा, तो सहा वर्षांपूर्वी गेला. मुलगी नागोयाला नांदते. सुझुएला गुपित सांगितलं की ते भिंतीला सांगितल्यासारखं राहतं, असं गल्लीत म्हणत. तिचं स्वतःचं काही गुपित असेल, असं मात्र कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आठवडाभर शांत असणारं हे दुकान शनिवारी सकाळी गजबजायचं. नऊ वाजता स्थानिक वाहिनीवर ‘समुद्राकडचा गोल’ ही जुनी फुटबॉलची अॅनिमे मालिका पुन्हा दाखवत होते. बत्तीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा लागली, तेव्हा या गावातली पोरं दप्तर टाकून टीव्हीसमोर बसायची. कोळ्यांच्या गावातली एक शाळा, तिचं मैदान थेट समुद्राला लागून, आणि एका गोलच्या वरून गेलेला चेंडू थेट पाण्यात पडायचा, अशी ती गोष्ट. ती पोरं आता चाळिशी ओलांडलेली, पण शनिवारी केस वाढलेले नसले तरी सुझुएच्या दुकानात हजर.

त्यांतले दोघे कधीच चुकायचे नाहीत. एक नेझु. सार्डिन माशाच्या काळ्या वड्या करण्याचा त्याचा धंदा, पोट सुटलेलं, आवाज बंदराच्या भोंग्यासारखा. दुसरा उबुकाता. टपाल कचेरीत पत्रं निवडायचं काम करणारा, सडपातळ, चष्मेवाला. त्याच्या घरी मालिकेचे सगळे भाग टेपवर उतरवून ठेवलेले होते. दोघांची पहिलीपासूनची मैत्री आणि दहाव्या वर्षापासूनचं भांडण. भांडण एकाच गोष्टीवरून. मालिकेच्या शेवटच्या सामन्यात कोचने तोमाची जागा का बदलली?

तोमा म्हणजे त्या शाळेचा हुकमी फॉरवर्ड. सगळ्या स्पर्धेत गोलांचा पाऊस पाडणारा. आणि अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात कोच त्याला पुढून काढतो आणि स्वीपर करतो, म्हणजे सगळ्या बचावपटूंच्या मागे, गोलकीपरच्या जरा पुढे, एकटा उभा. सामना शून्य-शून्य सुटतो आणि पेनल्टीवर शाळा हरते. असं का केलं, हे मालिकेत कुणी सांगत नाही. लिहिणारा माणूसही न सांगताच वारला.

त्या ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी नेमका तो भाग लागला. नेझु खुर्चीत रेलला होता, तोंडाला फेस. उबुकाताने बाकावरचा शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा, पट ओढून घेतला होता आणि सोंगट्या मांडून दोन्ही संघ उभे केले होते. राजाची सोंगटी गोलकीपर, भाल्याची तोमा.

“कोच गाढव होता, विषय संपला,” नेझु फेसातून म्हणाला.

“तीस वर्षं तू हा विषय संपवतोयस.”

“अरे, ज्या पोराने एकोणीस गोल मारले त्याला अंतिम सामन्यात राखणीला बसवायचं? माझ्याकडचा वड्या थापणारा सगळ्यांत चांगला हात, त्याला मी सणाच्या दिवशी टेम्पो धुवायला पाठवीन का?”

“राखणीला नाही बसवलं. मागून सोडलं.” उबुकाताने भाला उचलून राजाच्या पुढ्यात ठेवला. “स्वीपरवर कुणाचा पहारा नसतो. तिथून आख्खं मैदान दिसतं. तोमाने मोकळेपणी चेंडू मागून घेऊन यावा, असा तो डाव होता.”

“मग आला का घेऊन?”

“...नाही आला.”

“एकदा तरी मधली रेघ ओलांडली त्याने?”

“म्हणून तर वाद आहे ना, शहाण्या! ओलांडली असती तर मी इथे कशाला बसलो असतो?”

“ताई, तुम्हीच सांगा याला,” नेझु आरशातून सुझुएकडे बघत म्हणाला. हे तो दर शनिवारी म्हणायचा आणि सुझुए दर शनिवारी “बोलू नकोस, गाल कापेल” एवढंच म्हणायची.

त्या दिवशी तिने वस्तरा खाली घेतला. टीव्हीवर समोरच्या संघाचा कॉर्नर चालला होता.

“तोमाची जागा बरोबर होती,” ती म्हणाली.

वस्तऱ्याच्या मुठीने तिने टीव्हीकडे दाखवलं.

“डाव वगैरे काही नव्हता. त्याला पुढे जायचंच नव्हतं. तो गोलकीपरच्या उजव्या हाताला उभा आहे, बघा. मधोमध नाही. तीन पावलं उजवीकडे. आणि गोलकीपर बघा.”

“मुगिता?” उबुकाताला नाव आठवायला क्षणभर लागला, इतका तो गोलकीपर कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

“डावीकडून चेंडू आला तर तो नुसते डोळे फिरवतो. उजवीकडून आला की आख्खी मान वळवतो. त्याला उजव्या डोळ्याने दिसत नाही. तोमाला ते कळलंय. म्हणून तो तिथे उभा आहे.”

टीव्हीवर चेंडू उजवीकडून आला. मुगिताची मान गर्रकन वळली. तोमाने उडी मारून डोक्याने चेंडू बाहेर घालवला.

“आई गं!” उबुकाताच्या हातून सोंगटी पडली.

नेझुचा एक गाल दाढी केलेला, एक तसाच. तो खुर्चीत वळला. “ताई, तुम्ही हे कधीपासून बघताय?”

“मान सरळ ठेव,” सुझुए म्हणाली. पण वस्तरा तिने पुसून ठेवला आणि नवा गरम टॉवेल आणायला म्हणून ती मागे गेली. बराच वेळ आली नाही.

सुझुएला फुटबॉल कळतो, हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारी माणसं आता विखुरली होती. पण एके काळी या बंदरावर तिचं नाव होतं.

शिमिझुत पोरगा चालायला लागला की त्याच्या पायात चेंडू येतो. सुझुएच्या पायात तो थोरल्या भावामुळे आला. सहावीपर्यंत ती मुलांबरोबर खेळली आणि त्यांना गुंडाळून ठेवायची. पुढे मुलांच्या शाळेच्या संघात तिला जागा नव्हती. तेव्हा टूनाच्या कारखान्यातले एक मुकादम, एबिहारा नावाचे, त्यांनी मुलींचा संघ काढला. कारखान्यात कामाला असणाऱ्या चारपाच जणी, बाकीच्या शाळकरी. मोजून तेरा. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत सराव, अंगाला कायम माशाचा वास. सतराव्या वर्षी सुझुए त्या संघाची फॉरवर्ड होती आणि तिला अडवणं कुणाच्या बापाला जमत नव्हतं.

गोलकीपर होती तेराओ हात्सुमी. बुटकी, दणकट, तोंडाची फटकळ. सुझुएची वर्गमैत्रीण. दोघी एकाच सायकलवरून सरावाला यायच्या. सुझुए पायडल मारणार आणि हात्सुमी मागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवणार.

त्या वर्षी उन्हाळ्यापासून संघावर गोल व्हायला लागले. सगळे उजवीकडून. एबिहारांनी बचावपटू बदलून पाहिल्या, उपयोग झाला नाही. शेवटी एक दिवस ते सुझुएला म्हणाले, “उद्यापासून तू मागे. स्वीपर.”

“मी? मी गोल मारते!”

“मारतेस. पण आपण खातो त्याहून जास्त नाही मारत.”

सुझुए त्या दिवशी घरी जाऊन जेवली नाही. दोन आठवडे ती मागे उभी राहिली, पण तोंड फुगवून. मग एका दुपारी सरावानंतर दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुझुएने हात्सुमीच्या उजव्या बाजूने एक संत्रं तिच्याकडे टाकलं. लहानपणापासून टाकायची तसं, न सांगता. हात्सुमीने ते झेललं नाही. तिने हातही हलवला नाही. संत्रं तिच्या कानशिलावर आपटलं, तेव्हा ती दचकली.

“कधीपासून?” सुझुएने विचारलं.

“मे महिन्यापासून. कडेने अंधार येतोय. डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय म्हणे.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“खेळू नकोस म्हणाले. दुसरं काय म्हणणार?” हात्सुमीने संत्रं उचललं आणि सोलायला घेतलं. “गोलात दुसरी कोण उभी राहील, सांग. तेरा जणी आहोत. मी गेले तर संघ मोडतो. मग तू कुठे खेळणार? मुलांत?”

सुझुएने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून ती हात्सुमीच्या उजव्या हाताला, तीन पावलं पुढे उभी राहायला लागली. तिचं फुगलेलं तोंड गेलं. उजवीकडून जे काही येईल ते ती पायाने, छातीने, डोक्याने बाहेर घालवायची. गोल होणं थांबलं. एबिहारा लोकांना सांगत सुटले, की पोरीला तिची खरी जागा सापडली. खरं काय ते दोघींनी कुणाला कळू दिलं नाही. सुझुएने तर घरीही नाही.

हिवाळ्यात प्रांताच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. बोचरा वारा होता. बघायला कारखान्यातली झाडून सगळी माणसं आली होती. शेवटची चार मिनिटं उरली तरी शून्य-शून्य. सुझुएच्या पायात चेंडू आला आणि पुढे सगळं मैदान मोकळं पडलेलं तिला दिसलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

ती गेली. तिघींना चुकवून गेली. गोलच्या तोंडाशी तिने फटका मारला, तो खांबाला लागून परत आला, आणि समोरच्या संघाने एका लांब फटक्यात तो उलट दिशेला धाडला. सुझुए वळून धावली. धावता धावताच तिला दिसलं, चेंडू उजवीकडून उंच येतोय आणि त्याच्या मागून त्यांची एक उंच मुलगी. हात्सुमी भलतीकडेच बघत होती. मान वळवेपर्यंत दोघी एकमेकींवर आदळल्या आणि हात्सुमीचं डोकं खांबावर आपटलं.

गोल झाला. सामना गेला. हात्सुमीच्या उजव्या डोळ्यात त्या दिवसापासून उजेड शिरला नाही.

चार दिवसांनी सुझुए रुग्णालयात गेली. हातात आईने बांधून दिलेला गोडाचा डबा होता. फाटकापर्यंत गेली. तिथे उभी राहिली आणि परत आली. उद्या जाऊ, म्हणाली. उद्याचा परवा झाला, आठवडा झाला. मग आता कुठल्या तोंडाने जायचं, असं झालं. संघ मोडलाच. सुझुए केस कापायचं शिकायला शाळेत गेली आणि पुन्हा चेंडूला पाय लावला नाही. काही वर्षांनी कुणी तरी सांगितलं, की हात्सुमी लग्न होऊन ओकित्सुला गेली, संत्र्याच्या बागा असलेल्या घरात. सुझुए “हो का” म्हणाली आणि समोरच्याचे केस कापत राहिली.

अडतीस वर्षं.

पुढच्या शनिवारी उबुकाता आला तो पडलेल्या चेहऱ्याने. त्याने आठवडाभर टेपा बघितल्या होत्या.

“ताई, वाईट वाटून घेऊ नका,” तो म्हणाला. “मुगिता मान वळवतो ते खरं आहे. एकेचाळिसाव्या भागापासून, दर वेळी. पण ते एकच चित्र आहे. तेच ते पुन्हा वापरलंय. मान वळवलेलं चित्र त्यांच्याकडे तयार होतं, डोळे फिरवलेलं उजव्या बाजूचं नव्हतं. वेळ कमी पडला असणार. त्यात काही अर्थ नाही.”

“झालं!” नेझु म्हणाला. “ताईंनी एवढं शोधून काढलं आणि हा टपालवाला शिक्का मारून परत आला. माणसाने जरा खोटं बोलावं रे कधी!”

“खोटं कसं बोलू? टेपच सांगतेय.”

सुझुए कंगवे धूत होती. “बरोबर आहे त्याचं,” ती म्हणाली. “मालिकेत तसं नसेलही.”

“मग तुम्हाला सुचलं कसं?” उबुकाताने विचारलं. “आमच्या स्वप्नातही आलं नसतं.”

कंगवे धुऊन झाले. ते तिने एकेक करून फडक्यावर मांडले. बाहेर कुणी सायकलवरून घंटी वाजवत गेलं.

“माझ्या गोलकीपरला दिसत नव्हतं,” ती म्हणाली.

आणि मग तिने सांगितलं. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, उभ्यानेच, सरळ, रडल्याशिवाय. नवऱ्याला जे सांगितलं नव्हतं ते या दोन माणसांना सांगितलं. फाटकातून परत आले, इथपर्यंत आली आणि थांबली.

उबुकाता चष्मा काढून पुसत बसला. नेझुने हळू आवाजात विचारलं, “त्या आता कुठे असतात?”

“ओकित्सुला.”

“ओकित्सु? आपलं ओकित्सु? पुढचं स्टेशन?”

“हो.”

“ताई,” नेझु म्हणाला, “मी दर गुरुवारी तिकडे वड्या पोचवतो. गाडीने पंधरा मिनिटं लागतात. चहा घशाखाली उतरायच्या आत माणूस पोचतं.” त्याला रागवायचं होतं की काय, त्यालाच कळेना. “कुणाच्या बोलावण्याची वाट बघताय? जा ना तुम्ही!”

सोमवारी दुकान बंद असतं. त्या सोमवारी सुझुए गेली.

ओकित्सुच्या स्टेशनवरून टेकडीकडे जाणारा रस्ता चढणीचा आहे. खाली समुद्र, वर संत्र्याच्या झाडांच्या ओळी. पहिली संत्री पिवळी व्हायला लागली होती. पत्ता नेझुने काढून दिला होता. घराच्या मागच्या पडवीत एक बुटकी, रुंद बाई पाट्यांत संत्री निवडत बसली होती. एकेक संत्रं हातात घ्यायची, अंगठ्याने देठाशी दाबायची, उजवीकडच्या किंवा डावीकडच्या पाटीत टाकायची. मान खाली नव्हती. ती समोर कुठेच बघत नव्हती. सुझुएच्या ध्यानात आलं, की डावा डोळाही गेलाय.

“कोण?” बाईने विचारलं. “पाऊल अडखळतंय. विकायला आला असाल तर सून बाजारात गेलीय.”

“कातासे,” सुझुए म्हणाली. माहेरचं नाव तिने लग्नानंतरही दुकानासाठी ठेवलं होतं. “सुझुए.”

हात्सुमीचा हात थांबला. संत्रं तिने पाटीत टाकलं नाही, मांडीवर ठेवलं.

“बस,” ती म्हणाली. “डावीकडे खोकं आहे.”

सुझुए बसली. वाटेत मनाशी घोळवलेली वाक्यं एकही जागेवर नव्हती. “हात्सुमी, त्या दिवशी मी जागा सोडली,” एवढंच तिच्या तोंडून आलं. “मला ठाऊक होतं तुला दिसत नाही. तरी सोडली. तुझा डोळा माझ्यामुळे—”

“थांब.” आवाज तोच होता, सायकलच्या मागच्या बाजूचा, जरा जाड झालेला. “डोळा तुझ्यामुळे गेला नाही. तो जाणारच होता, खांब नसता तरी. डावा तरी कुठे राहिला? चाळीस पुरी झाली आणि तोही गेला. तिथे कुठे खांब होता?” ती थांबली. “आणि पुढे जा, असं मीच ओरडले होते. ऐकलं नव्हतंस?”

“नाही.”

“मी ओरडले. ‘जा, सुझु, जा!’ म्हणून.”

“मला ऐकू आलं नाही. मी माझी मीच गेले.”

“असेल. मी पाठवलं आणि तू न ऐकताच गेलीस. दोन्ही खरं असेल.” हात्सुमीने मांडीवरचं संत्रं चाचपलं. “त्याचं मला काही नाही. मला काय आहे ते सांगू? बोलू का?”

“बोल.”

“रुग्णालयात मी तीन आठवडे होते. बारा जणींपैकी अकरा आल्या. एबिहारा तर रोज यायचे, आणि काय बोलायचं ते न सुचून खिडकीतून बाहेर बघत बसायचे. दार वाजलं की मी आईला विचारायची, सुझु का? आई म्हणायची, येईल गं, येईल. डोळ्यासाठी मी दोन दिवस रडले, सुझुए. तुझ्यासाठी किती दिवस, ते मोजलं नाही.”

सुझुएने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि कपाळ त्या हातांना टेकेपर्यंत वाकली. हात्सुमीला ते दिसणार नव्हतं, तरी वाकली, आणि तशीच राहिली.

“मी फाटकापर्यंत आले होते,” ती खालूनच म्हणाली.

“मग आणखी वाईट,” हात्सुमी म्हणाली.

टेकडीखालून गाडी गेल्याचा आवाज आला.

“मला माफ कर,” सुझुए म्हणाली.

“मागायला तुला अडतीस वर्षं लागली. द्यायला मलाही जरा वेळ लागेल. असं आल्या आल्या खिशातून काढून देता येत नाही.” मग तिने मान वळवली, आख्खी, सुझुएच्या दिशेने. “तुझे हात कसे आहेत? अजून धड आहेत?”

“आहेत.”

“मग पुढच्या सोमवारी ये. तोडणीला माणसं मिळत नाहीत. कात्री देईन. डबा तुझा तू आण.”

सुझुए गेली. पुढच्या सोमवारी, त्याच्या पुढच्या सोमवारी. पहिले दोन सोमवार हात्सुमी तिच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या सोमवारी तिने सुझुएला तोडणी नीट येत नाही म्हणून फाडफाड बोलून घेतलं. देठ लांब ठेवला की पाटीत शेजारच्या संत्र्याला टोचतो आणि सगळी पाटी नासते, एवढंही तुला कळत नाही का, म्हणाली. सुझुएला त्या शिव्या ऐकून इतकं बरं वाटलं, की झाडामागे जाऊन तिने डोळे पुसले.

नोव्हेंबरच्या शेवटी एका शनिवारी हात्सुमी सुनेबरोबर शिमिझुला आली. दुकानात नेझु आणि उबुकाता होतेच. सुझुएने सांगितलेल्या गोष्टीतली बाई प्रत्यक्ष समोर बसल्यावर दोघेही शाळेत उभं केल्यासारखे झाले. नेझुने वड्यांचा डबा पुढे केला आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाला, “तुम्ही ती मालिका बघता—म्हणजे, ऐकता का?”

“पहिल्यांदा लागली तेव्हा एका डोळ्याने बघितलीय,” हात्सुमी म्हणाली. “आता ऐकते. तुमचा तोमाचा वाद सुझुने सांगितला मला. तीस वर्षं भांडताय म्हणे.”

“मग तुमचं काय मत?” उबुकाता पुढे सरकला. “तोमा मागे बरोबर होता का?”

हात्सुमीने हातातली वडी खाऊन संपवली. घाई केली नाही.

“तुम्ही सगळे तोमाचंच बोलता,” ती म्हणाली. “पुढे हवा होता, मागे हवा होता. समजा, त्या मुगिताला खरंच दिसत नव्हतं. मग तोमाला हलवायचंच कशाला? मुगिताला बाहेर काढायला हवं होतं. त्याला हाताला धरून सांगायला हवं होतं, की बाबा, तुझं झालं, बाकावर बस, आम्ही दहा जण खेळू, हरू, काय वाटेल ते होऊ दे. ते कुणी केलं नाही. कोचने नाही, तोमाने नाही. आणि तो पोरगाही आपणहून बाहेर आला नाही. त्याची चूक सगळ्यांत मोठी.”

उबुकाताने पटावरचा राजा उचलला, हातात धरून ठेवला, कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

सुझुए खुर्चीमागे उभी होती. अडतीस वर्षं ती स्वतःची जागा मैदानावर पुन्हा पुन्हा मांडून बघत होती: गेले नसते तर, दोन पावलं मागे असते तर. त्या दुपारी भिंतीला टेकून बसलेल्या दोन सतरा वर्षांच्या मुली तिने कधी मांडल्या नव्हत्या. एक म्हणाली, मी गेले तर संघ मोडतो, आणि दुसरी गप्प बसली, कारण तिलाही खेळायचं होतं.

“मलाही मोडायचा नव्हता संघ,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे,” हात्सुमी म्हणाली. “सतरा वर्षांच्या होतो आपण. कोण सांगणार होतं?” मग नेझुच्या दिशेने, “वड्या चांगल्या आहेत. मीठ जरा कमी घाला.”

डिसेंबर सरत आला तशी तोडणी वरच्या टप्प्यावर पोचली. तिथे उतार इतका उभा, की पाट्या छोट्या रुळांवरच्या डब्यातून खाली सोडायच्या. वर्षातला शेवटचा सोमवार होता. आकाश निवळलेलं, फुजी पर्वतावर बर्फ खालपर्यंत उतरलेलं. हात्सुमी एका झाडाशी बसून खालच्या फांद्या हाताने चाचपून तोडत होती आणि सुझुए शिडीवरून वरच्या. संत्री उतरवून न्यायला बागाईतदारांच्या संघाचा एक नवा माणूस ट्रक घेऊन आला होता. तो चढून वर आला, धापा टाकत पाट्या मोजायला लागला, आणि शिडीवरच्या उंच बाईकडे बघून म्हणाला, “या कोण, काकू? मजुरीवर आहेत का? आमच्याकडेही माणूस हवंय.”

“मजुरीवर कशाला असेल?” हात्सुमी म्हणाली. “माझ्या संघातली आहे.”

त्या माणसाला ते बागाईतदारांच्या संघाचं वाटलं. “असं होय, मग नाव यादीत घालतो,” तो म्हणाला. त्याला कुणी दुरुस्त केलं नाही. सुझुएने शिडीवरूनच मान लववून नमस्कार केला. माणूस पाट्या घेऊन खाली गेला. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला, आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगाच्या दोन ओळी अजून बाकी होत्या. सुझुएने शिडी खांद्यावर घेतली, हात्सुमीने तिची बाही धरली, आणि दोघी तिकडे निघाल्या.